तीन गावं आणि आईंचा एक फोटो

घरातला फोटोंचा अल्बम एकदा सवडीनं चाळून पाहा. मुलांचे फोटो पाळण्यापासून पदवीपर्यंत ओळीनं सापडतील. यजमानांचे कचेरीतल्या निरोप-समारंभाचे, सहलीचे, नव्या स्कूटरशेजारी उभे राहून काढलेले सापडतील. घरातली बाई मात्र शोधावी लागते. लग्नाच्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत तिसरी, बारशाला पाळण्याची दोरी धरलेला नुसता हात, हळदीकुंकवाला अत्तरदाणी घेऊन पाठमोरी. एक तर ती स्वयंपाकघरात असते, नाहीतर "तू काढ गं आमचा," म्हणून फोन तिच्याच हातात दिलेला असतो.

आणि मग एखादा दिवस असा येतो, की घराला तिचा फोटो हवा असतो. धावपळ होते. कुणीतरी ग्रुपमधून चेहरा कापून मोठा करून आणतं. चेहरा फिसकटलेला, आणि कोपऱ्यात शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाईंचा खांदा! नाहीतर आधार कार्डावरचा, भेदरल्यासारखा. अशुभ बोलते आहे असं समजू नका हं. आमच्या मामंजींचा बैठकीतला फोटो असाच ग्रुपमधून कापलेला आहे. त्यांच्या खांद्यावर कुणा पाहुण्याची चार बोटं आजही दिसतात. येणारा-जाणारा विचारतो, "ही बोटं कुणाची हो?" आणि सांगता कुणालाच येत नाही.

म्हणून दिवाळी उरकली, हवा निवळली, तसा आम्ही बेत केला, की सासूबाईंचा एकटीचा एक चांगला फोटो काढायचा. त्यांना आम्ही आईच म्हणतो. वय पंच्याहत्तर. माहेर कल्याणचं, सासर ठाण्याचं आणि धाकटी बहीण दिली ती डोंबिवलीला. म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य या तीन स्टेशनांत! मग स्टुडिओतल्या रंगीत पडद्यासमोर कशाला बसवायचं? त्यांच्याच तीन गावांतून हिंडू, असं ठरलं. आई म्हणाल्या, "माझा कसला मेला फोटो काढतेस आता? तोंडाचं बोळकं झालंय." पण माहेरी जायचं म्हटल्यावर पहाटेच उठून तयार!

ठाणे : तळ्याकाठचं ऊन

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, ते काही उगीच नाही. लहानमोठे तिसांहून अधिक तलाव इथं आहेत. पण आमच्यासारख्या जुन्या ठाणेकरांचा तलाव एकच, मासुंदा. 'तलावपाळीवर जाऊन येते' म्हटलं, की कुठे ते वेगळं सांगावं लागत नाही. काठाला कोपिनेश्वराचं देऊळ आणि समोर १९७८ साली उभं राहिलेलं गडकरी रंगायतन.

सकाळी सातला पोचलो. चालायला आलेली मंडळी, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, चहाची किटली. थोरली नात फोन सरसावून म्हणाली, "आजी, सूर्याकडे तोंड कर." आजीनं तोंड केलं आणि डोळे बारीक झाले, कपाळाला आठ्या पडल्या. पूर्वी फोटोग्राफर असंच सांगायचे, सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. त्या वेळच्या साध्या कॅमेऱ्यांना भरपूर उजेड लागायचा, म्हणून ती रीत पडली. आता त्याची गरज नाही. माणसाला थोडं वळवून बसवलं, ऊन एका गालावर तिरपं येऊ दिलं, की दुसऱ्या गालावर हलकी सावली राहते. नाकाचा, हनुवटीचा आकार त्या सावलीनंच दिसतो. समोरून भक्क उजेड आला, की चेहरा कागदावर काढल्यासारखा सपाट.

तळ्याचा आणखी एक गुण कळला. सकाळचं कोवळं ऊन पाण्यावर पडून खालून वर येतं. वयस्क माणसांच्या डोळ्यांखाली नि हनुवटीखाली जो काळोख साठतो, तो त्यानं उजळतो. स्टुडिओवाले पांढरी छत्री लावतात ती त्याचसाठी. तळं नसेल तिथं मांडीवर धुतलेली पांढरी चादर पसरा, तेच काम करते. ऊन कोवळं म्हणजे किती? सूर्य उगवल्यापासून तास-दीड तास आणि मावळण्याआधी तेवढाच वेळ. मधलं ऊन पापडांना!

मागे काय आहे ते मात्र नीट पाहावं. पहिल्याच फोटोत आईंच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला होता, आणि शेजारी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक. माणसाला हलवायची गरज नाही. आपणच दोन पावलं डावीकडे सरकायचं, खांब गेला! माणूस भिंतीला टेकवूनही उभं करू नये. भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आणावं, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही आणि चेहरा उठून दिसतो.

लोकलची खिडकी

आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. पुढल्या वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणला पोचले. गंमत अशी, की त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीच्या हौशी मंडळींची सोसायटी निघाली. त्या काळच्या हौशी छायाचित्रकारांत डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचं नाव येतं. म्हणजे आगगाडी आणि कॅमेरा आपल्याकडे जोडीनंच रुळले म्हणायचे.

आम्ही मुद्दाम धीमी लोकल धरली. (रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक आहे का ते आधी पाहा बरं का!) कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर. एकीकडे मुंब्र्याचा डोंगर, दुसरीकडे खाडी. बायकांच्या डब्यात गर्दी नव्हती. आई खिडकीशी बसल्या आणि मला एकदम जाणवलं, की सगळ्या गावात इतका छान उजेड दुसरीकडे नसेल. खिडकीतून उजेड येतो तो एकाच बाजूनं, थेट ऊन नसेल तेव्हा मऊ, आणि आत डब्यात अंधार. जुन्या स्टुडिओंना उत्तरेकडे मोठी काचेची तावदानं असायची ती याचसाठी. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, नुसता उजेड येतो. तुमच्या घरातही उत्तरेची खिडकी असेल, तर तिथं एक स्टूल ठेवा. तोच तुमचा स्टुडिओ. डोक्यावरची ट्यूबलाइट तेवढी बंद करा. वरच्या उजेडानं डोळ्यांच्या खोबणी होतात.

नात आजीच्या अगदी नाकासमोर फोन धरत होती. जवळून काढला, की नाक मोठं नि कान लहान दिसतात. यात आजीच्या नाकाचा दोष नाही! भिंग हातभर अंतरावर असलं, की नाक कानांपेक्षा फारच जवळ पडतं, म्हणून ते फुगतं. पाच-सहा फूट मागं सरकलं, की तो फरक नाहीसा होतो. तेव्हा मागं व्हावं, आणि फोनमध्ये दोन पट जवळ आणणारी सोय असेल तर ती वापरावी. दारात लटकून किंवा रुळांच्या कडेला उभं राहून फोटो काढायचा खुळेपणा मात्र कुणी करू नये, मुलांनाही करू देऊ नये.

कल्याण : दुपारचा ओटा

कल्याणला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. आईंना दुर्गाडीला जायचं होतं. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात इथल्याच खाडीकाठी झाली, हे आई शाळेत शिकल्या होत्या. पायथ्याशी रिक्षा थांबवली आणि खालूनच नमस्कार केला. नातीनं किल्ला आणि आजी दोन्ही एका फोटोत बसवले. पाहतो तर आजी मुंगीएवढी, आणि किल्लाही निम्माच! प्रवासाची आठवण म्हणून असा एखादा फोटो ठीक. पण माणसाचा फोटो हवा असेल, तर माणसानंच निम्मी जागा भरली पाहिजे. छातीपासून वर, डोक्यावर थोडी मोकळी जागा, आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. बसलेल्या माणसाचा किंवा लहान मुलाचा फोटो उभ्यानं काढला, तर कपाळच मोठं दिसतं. तेव्हा गुडघे दुखले तरी आपणही खाली बसावं.

पारनाक्याच्या बाजूला आईंचं माहेर. वाडा पडून तिथं इमारत झाली त्याला किती तरी वर्षं झाली. आई क्षणभर तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. पण समोरच्या घराचा ओटा अजून शाबूत होता. घरातल्या वहिनींना विचारलं, तर त्यांनी पाणी दिलं, सतरंजी अंथरली. भर दुपारी ओट्यासारखी जागा नाही. डोक्यावर छप्पर, समोर मोकळा रस्ता, उजेड येतो तो मऊ. ओटा नसेल तर दाराचा उंबरठा, जिन्याचं तोंड, दाट झाडाची सावली. पानांतून कवडसे पडतात ती विरळ सावली तेवढी टाळा, चेहऱ्यावर पांढरे डाग येतात.

त्या ओट्यावर बसल्यावर मला कल्याणच्याच एका मुलीचा फोटो आठवला. तुम्हीही पाहिला असेल. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या कल्याणच्या, लहानपणीचं नाव यमुना, जन्म ३१ मार्च १८६५ चा. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिघी विद्यार्थिनींचा एक फोटो काढला गेला. एक आपल्या आनंदीबाई, दुसरी जपानची केई ओकामी, तिसरी सीरियाची सबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडी नेसून बसल्या आहेत. परक्या देशात, कडक थंडीच्या गावात, वीस वर्षांची मुलगी! कुणीच दात दाखवून हसलेलं नाही. फोटोग्राफीच्या पहिल्या दिवसांत एका फोटोला बराच वेळ लागायचा, मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू लावायचे, त्यातून गंभीर बसायची चालच पडली. तरी त्या फोटोतल्या आनंदीबाईंच्या चेहऱ्यावर जी शांत जिद्द आहे, ती कुठल्याही हसण्यापेक्षा बोलकी आहे.

त्यानंतर जेमतेम सोळा महिने त्या जगल्या. मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीसही पुरी झाली नव्हती. तो फोटो आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेला आहे. विचार करा, त्या दिवशी 'पुढच्या वेळी काढू' म्हटलं असतं तर?

त्या फोटोतून दोन गोष्टी घ्याव्यात असं मला वाटलं. पहिली, माणूस आपल्या नेहमीच्या वेषात असावं. आईंना आम्ही ठेवणीतली पैठणी नेसवणार होतो, ती पिशवीतच राहू दिली. अंगावर रोजचं इरकली लुगडं होतं तेच ठेवलं. भरजरी पदर चमकला, की डोळा पदराकडे जातो, चेहऱ्याकडे नाही. चष्माही काढायला लावू नये. ज्यांना नातवंडांनी चष्म्यातच पाहिलं, त्या चष्म्याशिवाय परक्या वाटतात. काचेवर उजेड चमकत असेल, तर चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलाव्यात. काचा जराशा खाली झुकतात आणि चमक जाते.

दुसरी गोष्ट रंगाची. नातीच्या फोनमध्ये चेहरा गोरा नि गुळगुळीत करायची सोय आहे. तिनं ती वापरली आणि आजीच्या सुरकुत्या गेल्या, गालावरचा तीळ गेला, सावळा रंगही गेला. आई म्हणाल्या, "ही कोण बाई?" ती सोय बंदच ठेवावी. सावळ्या चेहऱ्याचा फोटो काळा येतो तो रंगामुळे नव्हे, मागे पांढरी भिंत किंवा आभाळ असतं म्हणून. त्या उजेडाला फोन भुलतो नि सगळंच काळवंडून टाकतो. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, तो चेहऱ्याचा उजेड धरेल. आणि मागची बाजू गडद निवडा. जुनं लाकडी दार सगळ्यांत उत्तम.

डोंबिवली : बहिणीची गॅलरी

संध्याकाळी डोंबिवली. गणपतीचं दर्शन घेतलं. हे देऊळ १९२४ सालचं. मराठी नववर्षाची स्वागतयात्रा इथूनच १९९९ मध्ये सुरू झाली आणि मग गावोगाव पोचली. बाहेर फडके रोड फुलला होता. दिवाळीच्या पहाटे अवघी तरुण डोंबिवली नटूनथटून इथं लोटते. फुलवाल्या मावशींचा फोटो नातीला हवा होता. तिला म्हटलं, आधी विचार. "मावशी, काढू का एक?" त्या हसून म्हणाल्या, "काढ, पण मला दाखव." कुणाचाही फोटो चोरून काढू नये, आणि काढल्यावर दाखवल्याशिवाय जाऊ नये.

मावशींचं घर दुसऱ्या मजल्यावर. पश्चिमेची गॅलरी, दोरीवर कपडे, कुंडीत तुळस. दोघी बहिणी गॅलरीत बसल्या आणि समोर मटारच्या शेंगा आल्या. दिवसभर आई फोन दिसला, की ताठ बसत होत्या, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. आता हातांना काम मिळालं आणि खांदे आपोआप सैल झाले. हे लक्षात ठेवा. आपल्या बायकांना रिकामं बसायची सवय नाही. हातात शेंगा द्या, गजऱ्याची फुलं द्या, वाती वळायला द्या, आणि फोनबद्दल बोलू नका. 'हसा' तर मुळीच म्हणू नका.

मावशींनी वाड्याच्या विहिरीची गोष्ट काढली. कधी काळी रहाटाची दोरी तुटली होती आणि दोघींनी मिळून आईचा मार चुकवला होता. दोघी खदखदून हसल्या. नातीनं फोटो काढले, ते ठीक आले. पण खरा आला तो नंतरचा. हसू ओसरलं, बोलणं थांबलं, आईंनी शेंग हातात तशीच धरून खाली रस्त्याकडे पाहिलं आणि मग नातीकडे मान वळवली. मावळतीचा उजेड एका गालावर होता. म्हणून सांगते, हसणं संपलं की लगेच फोन खाली ठेवू नये. त्यानंतरच्या एका श्वासात माणूस खरं दिसतं.

नातीनं दाखवला. आईंनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "ही दिसते खरी माझ्यासारखी." मग हलकेच, "हाच लावा गं पुढे. मला कुणातून कापून नका काढू." मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या शेंगा सोलत राहिल्या.

फोटो काढून झाल्यावर

फोटो फोनमध्ये राहिला, तर तो अर्धाच काढला असं समजा. फोन हरवतो, पाण्यात पडतो, नवा घेताना जुनं सगळं पुसलं जातं. काढलेल्यांपैकी एक-दोन निवडा आणि जवळच्या स्टुडिओतून चांगल्या कागदावर छापून घ्या. चकचकीत कागदापेक्षा मॅट कागद भिंतीवर बरा दिसतो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नाव, गाव, महिना, साल लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं, की पुढे वळ उमटतात. गोंद लावलेल्या चिकट पानांचे अल्बम टाळा. काही वर्षांत फोटो पानाला चिकटून बसतो नि काढताना फाटतो. आपल्याकडची पावसाळी हवा फोटोंची वैरीण, तेव्हा पावसाच्या झडीच्या भिंतीवर फ्रेम लावू नका, आणि अल्बमच्या पेटीत नव्या चपलांच्या खोक्यात येते ती ओलावा शोषणारी पुडी टाका. थेट ऊन पडेल तिथंही फ्रेम नको, रंग उडतात.

आणि फोटो काढण्याआधी फोनचं भिंग जुन्या मऊ सुती फडक्यानं पुसा. आपल्या फोनला खोबरेल तेलाची नि कणकेची बोटं लागलेली असतात. निम्मे फोटो त्यानंच धुरकट येतात.

ठाणं-कल्याण-डोंबिवलीच हवी असं थोडंच आहे? तुमच्या आईंचं, सासूबाईंचं, मावशीचं जे गाव असेल, तिथला ओटा, तिथली खिडकी शोधा. येत्या सुटीच्या दिवशी सकाळी सात वाजता. सणाची वाट पाहू नका. सणाला त्या स्वयंपाकघरात असतात.

आणि हो, त्यांचा काढून झाला, की फोन लेकीच्या हातात द्या आणि खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर तुम्हीही बसा. केस विस्कटलेले असले तरी चालेल.